सी मध्ये स्ट्रिंगचा इंटिजर करताना: एटॉय सोडा, स्ट्रटोल वापरा

सी प्रोग्रॅममध्ये कीबोर्डवरून, फाइलमधून किंवा कमांड लाइनवरून जे येतं ते अक्षरांच्या रूपात, म्हणजे स्ट्रिंग म्हणून येतं. कुणी ४१२ टाइप केलं तर मेमरीत ५२, ४९, ५० आणि शेवटी ० असे चार बाइट पडतात. त्यांच्यावर हिशोब करायचा तर आधी त्यांचा इंटिजर, म्हणजे पूर्णांक, करावा लागतो. (इथले आकडे देवनागरीत छापले असले तरी स्ट्रिंगमध्ये ते कीबोर्डवरचे इंग्रजी आकडे समजा. खऱ्या देवनागरी आकड्यांचं शेवटी बघू. फंक्शनची नावंही उच्चाराप्रमाणे दिली आहेत, स्पेलिंग सोबत आहे.)

बहुतेकांना पहिल्यांदा भेटतं ते एटॉय, म्हणजे ए-टी-ओ-आय. स्ट्रिंग द्या, इंट मिळवा, संपलं. पण स्ट्रिंग इंटिजरमध्ये बदलताना प्रश्न दोन असतात: आकडा किती, आणि तो खरंच आकडा होता का? एटॉय फक्त पहिल्याचं उत्तर देतं. "० रुपये" दिलं तरी ०, "रुपये" दिलं तरी ०. "१२.७५" दिलं की १२. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम देऊन लिहिलेले "१,२५,०००" दिले तर १ मिळतो, कारण पहिल्या स्वल्पविरामाशी वाचन थांबतं. सव्वा लाखाचा एक रुपया होतो आणि प्रोग्रॅम चकार शब्द काढत नाही. आकडा इंटमध्ये मावला नाही तर काय व्हावं, हे सी स्टँडर्डने एटॉयच्या बाबतीत ठरवलेलंच नाही. म्हणून बाहेरून आलेल्या मजकुरावर एटॉय वापरू नका, घाईतही नको.

त्याऐवजी स्ट्रटोल घ्या. स्पेलिंग एस-टी-आर-टी-ओ-एल, हेडर एटॉयचीच, एसटीडीलिब. त्याला तीन गोष्टी द्यायच्या: स्ट्रिंग, एका कॅर पॉइंटरचा पत्ता आणि पाया (आकडा कोणत्या पद्धतीचा ते, दशमानासाठी १०). वाचन जिथे थांबलं ती जागा स्ट्रटोल त्या पॉइंटरमध्ये टाकून देतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच असतं. त्या पॉइंटरला आपण "शेवट" म्हणू. कॉल असा दिसतो (ओळ म्हणजे आपली स्ट्रिंग):

एर्नो = ०;
मूल्य = स्ट्रटोल(ओळ, &शेवट, १०);

मूल्य हा लाँग (स्ट्रटोल देतं तो पूर्णांकाचा प्रकार) घ्या, इंट नको. पहिली ओळ गाळू नका. एर्नो (ई-आर-आर-एन-ओ, त्याच नावाची हेडर) म्हणजे चुकीचा क्रमांक नोंदवण्याची जागा, आणि ती लायब्ररी कधीच स्वतःहून शून्य करत नाही. आधीच्या एखाद्या फंक्शनने त्यात टाकलेली चूक तशीच राहिली, तर चांगला आकडाही बाद ठरतो.

कॉल झाला की तपासण्या याच क्रमाने करा.

पहिली: शेवट आणि ओळ एकाच जागी आहेत का? असतील तर एकही अंक सापडला नाही. रिकामी स्ट्रिंग, नुसत्या स्पेस, "--५", "+ ५" हे सगळे इथेच पकडले जातात.

दुसरी: एर्नो ईरेंज (ई-आर-ए-एन-जी-ई, मर्यादेबाहेरची खूण) आहे का? असेल तर आकडा लाँगमध्ये मावला नाही आणि मूल्यात लाँगची कमाल किंवा किमान मर्यादा आली आहे. नुसती ती मर्यादा बघून निर्णय घेऊ नका, कारण नेमका तेवढाच आकडा खरोखर दिलेला असू शकतो.

तिसरी: शेवटच्या जागी काय उरलंय? सुरुवातीच्या स्पेस स्ट्रटोल स्वतः ओलांडतं, मागच्या ओलांडत नाही. एफगेट्स (एफ-जी-ई-टी-एस, ओळ वाचणारं फंक्शन) वापरून ओळ वाचली असेल तर शेवटी न्यूलाइनही असते. म्हणून शेवटपासून पुढे स्पेस, टॅब, न्यूलाइन वगळत जा आणि मग स्ट्रिंग संपवणारा शून्य बाइट आहे का ते पाहा. नसेल तर "१२.७५" किंवा "१,२५,०००" सारखं काहीतरी आलंय. स्वल्पविराम चालवायचे असतील तर ते आधी काढून टाका, पण ते त्या रकान्यापुरतं मुद्दाम ठरवून करा.

चौथी: इंट हवा असेल तर मूल्य इंटच्या किमान आणि कमाल मर्यादेत आहे का हे बघूनच ते इंटमध्ये टाका. ६४ बिटच्या लिनक्सवर लाँग ८ बाइटचा असतो, ६४ बिटच्या विंडोजवर मात्र ४ बाइटचाच. दहा आकडी मोबाईल नंबर लिनक्सवर लाँगमध्ये सुखाने बसतो आणि विंडोजवर ईरेंज येतो. दोन्हीकडे सारखं वागायला हवं असेल तर लाँग लाँग देणारं स्ट्रटोलएल वापरा, शेवटी एल दोनदा. मोबाईल नंबर मुळात स्ट्रिंगच ठेवावा, त्याची बेरीज कुणी करत नाही.

ओळ वाचतानाही एक फट राहते. बफर ६४ बाइटचा आणि ओळ त्याहून लांब असेल तर एफगेट्स ओळीचा तुकडा देतं आणि उरलेला भाग पुढच्या वेळी नवा आकडा म्हणून वाचला जातो. बफरमध्ये न्यूलाइन नाही आणि फाइलही संपलेली नाही, तर ती ओळ पूर्ण वाचून टाकून द्या.

पाया म्हणून बरेच जण ० देतात, "स्ट्रटोलच ठरवेल" म्हणून. ते ठरवतं खरं, पण सुरुवातीच्या शून्यावरून: शून्याने सुरू होणारा आकडा अष्टमान (पाया ८), शून्य-एक्सने सुरू होणारा षोडशमान (पाया १६). पुण्याचा एसटीडी कोड ०२० असा वाचला तर १६ येतो, मुंबईचा ०२२ दिला तर १८. गोव्याचा ०८३२ तर आणखी मजेशीर अडकतो: ८ हा अष्टमानात अंकच नाही, म्हणून मूल्य ० येतं आणि शेवट ८ वर थांबतो. माणसाने लिहिलेल्या आकड्यांना पाया १० द्या. स्कॅनएफमध्ये टक्के-डी आणि टक्के-आय यांच्यात नेमका हाच फरक आहे.

ऋण आकडा नको म्हणून स्ट्रटोयूएलकडे (एस-टी-आर-टी-ओ-यू-एल, अनसाइन्ड म्हणजे बिनऋण लाँग देणारं) वळलात तर सावध राहा. ते "-१" नाकारत नाही, उलट ३२ बिटच्या लाँगवर ४२९४९६७२९५ परत देतं, एर्नोही लावत नाही. स्ट्रटोलने वाचून शून्यापेक्षा कमी आहे का ते बघणं सोपं.

चाचणीला हे ठेवा: रिकामी स्ट्रिंग, नुसत्या स्पेस, "-०", "+७", "७ " आणि इंटच्या कडेचे चार: २१४७४८३६४७, २१४७४८३६४८, -२१४७४८३६४८, -२१४७४८३६४९. या चारपैकी पहिला आणि तिसरा पास व्हायला हवेत, उरलेले दोन बाद.

आता देवनागरी आकडे. मराठी कीबोर्डवरून "४१२" आलं तर स्ट्रटोलला त्यात एकही अंक दिसत नाही आणि पहिल्याच तपासणीत ते बाद होतं. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवण्याची पद्धत) प्रत्येक देवनागरी अंक तीन बाइटचा असतो: पहिला २२४, दुसरा १६५, तिसरा शून्यासाठी १६६ पासून नवासाठी १७५ पर्यंत. म्हणजे तिसऱ्या बाइटमधून १६६ वजा केले की अंक हातात. स्ट्रटोलच्या आधी एक छोटा लूप चालवा: असे तीन बाइट सापडले की त्यांच्या जागी ४८ अधिक तो अंक एवढा एकच बाइट लिहा, बाकीचे बाइट जसेच्या तसे पुढे न्या, शेवटी शून्य बाइट लावा. निकाल मूळ स्ट्रिंगपेक्षा कधीच लांब होत नाही, त्यामुळे त्याच बफरमध्ये लिहिता येतं. तुलना मात्र अनसाइन्ड कॅरने करा. बऱ्याच कंपायलरमध्ये साधा कॅर साइन्ड असतो, तिथे २२४ हा -३२ होतो आणि लूपला एकही अंक सापडत नाही. "१" देवनागरीत आणि "२" इंग्रजीत अशी मिसळ आली तरी हा लूप ती चालवून घेतो. मिसळ नको असेल तर लूपमध्येच दोन्ही प्रकार मोजा आणि दोन्ही शून्याहून जास्त निघाले तर ओळ नाकारा.