धनुष्याची साईट घेताय? आधी अँकर पक्का करा भो

जळगाव-धुळ्याकडची पोरं कंपाउंड बो, म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य घेतात आणि पहिल्याच आठवड्यात महागडी साईट, म्हणजे धनुष्यावर बसवायचं नेम धरायचं साधन मागवतात. थांबा ना जरा. दोरी ओढल्यावर हात दरवेळी जबड्याच्या त्याच हाडाला टेकला पाहिजे, नाकाचा शेंडा दोरीला लागला पाहिजे, यालाच अँकर म्हणतात, हे जमत नसेल तर कुठलीच साईट कामाची नाही.

यासाठी किसर बटण स्वस्तात मस्त, दोरीवरचं छोटं बटण ओठांच्या कोपऱ्याला लागलं की कळतं हात जागेवर आहे. मग पीप, म्हणजे दोरीत बसवलेली भोकाची चकती. डोळे मिटून दोरी ओढा, अँकर लावा, डोळे उघडा, पीपमधून साईटचं गोल कडं बरोबर मधोमध दिसलं तर उंची बरोबर, मान वाकवावी लागली तर पीप सरकवा, मान नाही.

अमेरिकेत हरणाची शिकार करणारे साधारण २०, ३०, ४० यार्डांच्या तीन पिनांची (नेम धरायच्या ठिपक्यांची) साईट आणि मोठ्या भोकाचा पीप घेतात, कारण पहाटे-संध्याकाळी उजेड कमी. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने हरणाची शिकार बंदच आहे आणि ते योग्यच आहे, आपण टार्गेटवाले. कंपाउंडची स्पर्धा ५० मीटरवर, त्यामुळे एकाच पिनेची, वर-खाली सरकणारी साईट आणि बारीक पीप घ्या. आपल्या उन्हात फायबरची (उजेड ओढून घेणाऱ्या धाग्याची) पिन इतकी चमकते की टार्गेट झाकोळतं, फायबरवर थोडी काळी टेप गुंडाळा.

बाण वर लागला तर साईट वर, डावीकडे लागला तर डावीकडे.