पोकरमध्ये किकर मोजताना या चुका टाळा

होल्डेम या पोकरच्या प्रकारात दोघांना एकाच दर्जाची पेअर (सारखे दोन पत्ते) लागली, की पॉट, म्हणजे डावात जमलेली रक्कम, कुणाचा हे सोबतचे पत्ते ठरवतात. त्यांनाच किकर म्हणतात. नियम छोटासा आहे, तरी शोडाउनला, म्हणजे शेवटी पत्ते उघडताना, सर्वांत जास्त वाद इथेच होतात. बहुतेक वादांचं मूळ एकच: हात पाच पत्त्यांचा असतो, हे ऐन वेळी विसरलं जातं. हातातले दोन आणि बोर्डावरचे, म्हणजे टेबलावर सगळ्यांसाठी उघडलेले, पाच, अशा सातांतून सर्वांत भारी ठरणारे पाच घ्यायचे. उरलेल्या दोन पत्त्यांना शून्य किंमत.

यावरून किकर किती तेही ठरतं. पेअरला तीन, ट्रिप्सना (सारखे तीन पत्ते) दोन, टू पेअरला (दोन जोड्या) एक, फोर ऑफ अ काइंडला (सारखे चार पत्ते) एक. काहीच जुळलं नसेल तर मोठ्या पत्त्यापासून सुरुवात करून पाचही ओळीने ताडून पाहायचे. स्ट्रेट (ओळीने पाच पत्ते), फ्लश (एकाच रंगाचे पाच) आणि फुल हाउसमध्ये (सारखे तीन आणि एक पेअर) पाचही पत्ते आधीच कामी आलेले असतात, त्यामुळे तिथे किकर उरतच नाही.

सहावा पत्ता मोजणं

बोर्डावर एक्का, एक्का, राजा, राणी, सत्ती आहे आणि फ्लश कुणाचाच होत नाही. एकाकडे गुलाम-नव्वी, दुसऱ्याकडे गुलाम-अठ्ठी. नव्वी मोठी म्हणून पहिला पॉट ओढायला जातो. पण दोघांचाही हात एक्का-एक्का-राजा-राणी-गुलाम इथेच पूर्ण झाला. नव्वी सहावी आहे. पॉट निम्मा-निम्मा.

ट्रिप्सचंही तसंच. बोर्ड अठ्ठी, अठ्ठी, राजा, पंजी, दुर्री असताना गुलाम-अठ्ठी विरुद्ध दश्शी-अठ्ठी असेल, तर गुलामवाला जिंकतो, कारण राजानंतरचा दुसरा किकर त्याचा मोठा. अठ्ठी-चौकी विरुद्ध अठ्ठी-तिर्री असेल, तर मात्र दोघांचे किकर बोर्डावरचेच, राजा आणि पंजी. चौकी आणि तिर्री दोन्ही पंजीपेक्षा लहान, म्हणून बरोबरी.

तिसरी पेअर धरून बसणं

सर्वांत चटका लावणारी चूक हीच. हातात दोन पंज्या, बोर्डावर राजा, राजा, अठ्ठी, अठ्ठी, तिर्री. पंजीवाल्याला वाटतं, आपल्याकडे तीन पेअर आहेत. पण पाच पत्त्यांत दोनच पेअर मावतात. त्याचा हात राजा-राजा-अठ्ठी-अठ्ठी-पंजी, म्हणजे दोन पंज्यांतली एकच, तीही नुसता किकर म्हणून. समोर राणी-दश्शी असेल तर राणी हा किकर पंजीला हरवतो. हातात एकही पेअर नसलेला खेळाडू पॉट नेतो. तिर्रीऐवजी एक्का पडला असता, तर दोघांनाही बोर्डच खेळावा, म्हणजे त्यावरचेच पाच पत्ते धरावे लागले असते.

छोटी पेअर हातात असेल तर टर्न-रिव्हरवर (बोर्डाच्या चौथ्या-पाचव्या पत्त्यावर) बोर्डावर तुमच्या पेअरपेक्षा मोठ्या दोन पेअर होतात का, याकडे डोळा ठेवा. त्या झाल्या की तुमची पेअर मेली असं समजूनच पुढची बेट ठरवा.

किकरकडे आधी पाहणं

आधी पेअरचा दर्जा, मग किकर. दोन दश्श्या आणि बाकी सगळं बारीक असलं, तरी ते दोन नव्व्या, एक्का, राजा, राणी यांच्यावर भारी. टू पेअरमध्ये क्रम असा: मोठी पेअर, मग लहान पेअर, मग किकर. बेरीज कधीच करायची नाही. राजा आणि चौकीची टू पेअर राणी आणि गुलामाच्या टू पेअरला हरवते.

फ्लशमध्ये परक्या रंगाचा एक्का

बोर्डावर बदामचे राजा, दश्शी, सत्ती, चौकी आणि किलवर तिर्री. एकाकडे बदाम अठ्ठी आणि इस्पिक एक्का, दुसऱ्याकडे बदाम नव्वी आणि किलवर दुर्री. नव्वीवाला जिंकतो. इस्पिक एक्का त्या पाच पत्त्यांत बसतच नाही. फ्लशची बरोबरी फक्त त्या रंगाचे पाच पत्ते वरून खाली ताडून सोडवायची.

पोकरमध्ये हुकूम नसतो. इस्पिक बदामापेक्षा वरचा, असं सांगून पॉट कुणाला देता येत नाही. रंगांचा क्रम लागतो तो स्टड या पोकरच्या प्रकारात पहिली सक्तीची बेट कुणी लावायची, अशा किरकोळ कामांसाठी.

स्ट्रेटमध्ये फक्त सर्वांत वरचा पत्ता बघा. एक्का-दुर्री-तिर्री-चौकी-पंजी या स्ट्रेटमध्ये तो पंजी असतो, एक्का नव्हे. फुल हाउसमध्ये आधी तिघांचा दर्जा, मग पेअरचा.

ओमाहात होल्डेमचा हिशोब

ओमाहा या पोकरच्या दुसऱ्या प्रकारात हातातले नेमके दोन आणि बोर्डावरचे नेमके तीन पत्ते घ्यावेच लागतात. बोर्डावर चार सत्त्या आणि गुलाम असेल, तर होल्डेममध्ये सगळ्यांकडे फोर ऑफ अ काइंड असते आणि एक्का किकर जिंकतो. ओमाहात चौथी सत्ती घेताच येत नाही. तिथे हातात दोन एक्के असलेल्याचं फुल हाउस होतं, तर एक्का-राजा वापरणारा ट्रिप्सवर अडकतो.

शोडाउनला काय करायचं

दोन्ही पत्ते उघडे टाका, एकच लागत असला तरी. बोर्डावरचे जे पत्ते त्या पाचांत मोजले जातात ते थोडे वर सरकवा आणि एकेका खेळाडूचे पाच पत्ते मोठ्याने वाचा. तोंडाने हात चुकीचा सांगितला गेला तरी निकाल उघड्या पत्त्यांवरच लागतो. बोर्डच सर्वांत भारी असेल तर वैतागून पत्ते मकमध्ये (टाकलेल्या पत्त्यांच्या ढिगात) फेकू नका, फेकलेत तर तुमचा वाटा गेला. वाटणी करताना एखादी चिप जास्त उरली, तर होल्डेममध्ये ती बटणाच्या (डीलरची जागा दाखवणाऱ्या खुणेच्या) डावीकडून वाटेकऱ्यांपैकी जो आधी बसलेला असेल त्याला जाते.