नवं औषध बुरशीला रोखतं का, कसं बघायचं

खानापूरहून सकाळच्या बसने बेळगावात लॅबला येते. आधी चहा, मग प्लेट. घाईत थेंब चुकतो.

96 खळग्यांची प्लेट घ्या. एका ओळीत बारा. पहिल्या दहांत बुरशी आणि नवं रसायन: पहिल्या खळग्यात मिलिलिटरला 64 मायक्रोग्रॅम, पुढे दरवेळी निम्मं, दहाव्यात 0.125. अकराव्यात नुसती बुरशी, बाराव्यात तीही नाही. शेजारच्या ओळीत फ्लुकोनाझोल, म्हणजे बुरशीवरचं नेहमीचं औषध, हवंच. त्याला न जुमानणारी कॅन्डिडा ऑरिस ही बुरशी नव्या रसायनाने थांबली, तरच दखल घ्यायची.

35 अंशांवर 24 तास ठेवा. गेल्या आषाढात रात्री लाईट गेली, इन्क्युबेटर थंड पडला, अख्खी प्लेट फेकली.

दुसऱ्या दिवशी प्लेट उजेडाकडे धरा. वाढ झाली असेल तर तळाशी पांढरा ठिपका दिसतो, निवळीखाली ताक बसावं तसा. फ्लुकोनाझोलच्या ओळीत मात्र निम्मी वाढ थांबली की त्याच खळग्यातलं औषधाचं प्रमाण धरायचं. नवखी पोरं पूर्ण निवळ खळगा शोधत बसतात.

लगेच कुंदा वाटू नका! बुरशीची पेशी आपल्या पेशीची चुलतबहीण, तिचं विष आपल्यालाही बाधू शकतं. तेच रसायन माणसाच्या तांबड्या पेशींवर टाकून बघा. पेशी फुटून वरचं पाणी लाल झालं की रसायन बाद. माझी तीन तशीच गेली.