पहिली एअरलाइन निवडताय? एटीआर, एम्ब्रेअर की कॅराव्हॅन, या चुका टाळा

सीपीएलचे (कमर्शियल पायलट लायसन्सचे) २०० तास झाले, मल्टी (एकाहून जास्त इंजिनांच्या विमानाचं) आणि आयआर (उपकरणांच्या आधारे उडण्याचं) रेटिंग झालं, घरच्यांनी फ्लॅट नाहीतर जमीन गहाण टाकून कर्ज काढलंय, आणि अशात एकाच महिन्यात दोन छोट्या एअरलाइन्सचे कॉल आले की पोरं जमिनीवर राहत नाहीत. साहजिक आहे, बऱ्याच जणांना एकही कॉल येत नाही. पण घाईत जे ठरतं ते पुढे काही वर्षं निस्तरत बसावं लागतं.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे जेट आहे म्हणून हो म्हणणं. स्टार एअरकडे एम्ब्रेअर जेट आहेत, अलायन्स एअर आणि गोव्यातल्या मोपावरून चालणारी फ्लाय९१ यांच्याकडे पंखावाली एटीआर, इंडियावनकडे छोटी सेसना कॅराव्हॅन. व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणीतरी उंटावरचा शहाणा सांगतो की पंखावाल्या विमानात अडकलास तर करिअर संपलं. काहीही! एअरबसला जायचं तर टाइप रेटिंग (त्या-त्या विमानाचं खास ट्रेनिंग आणि परवानगी) वेगळं करावंच लागतं, मग तुम्ही एम्ब्रेअरवरून या नाहीतर एटीआरवरून. उलट एटीआरला ऑटोथ्रॉटल (इंजिनची पॉवर आपोआप सांभाळणारी यंत्रणा) नाही, पॉवर लिव्हरवर हात आणि स्पीडवर डोळा स्वतःलाच ठेवावा लागतो, सेक्टर (टेकऑफ ते लँडिंग एक टप्पा) छोटे असल्यामुळे दिवसाला चार-चार लँडिंग होतात, त्यात चिपी किंवा जळगावला पावसाळ्यात उतरायचं म्हणजे हात आपोआप बसतो. कॅराव्हॅनचा मात्र विचार करा, विमान झकास आहे पण सिंगल इंजिन आहे, म्हणजे लॉगबुकात मल्टी इंजिनचे तास वाढत नाहीत, आणि पुढच्या नोकरीच्या जाहिरातीत नेमके तेच मागितलेले असतात.

दुसरं, पगाराचा आकडा. फिक्स्ड किती आणि उडालेल्या तासांवर किती हे वेगळं विचारा, आणि कमीत कमी किती तासांचे पैसे नक्की मिळणार तेही. चार-पाच विमानांच्या कंपनीत दोन जरी पार्टसाठी हँगरमध्ये उभी राहिली तरी रोस्टर रिकामं होतं आणि अलाउन्स गेला. पण त्याहून मोठं नुकसान तासांचं. नियमाने वर्षाला १००० तासांपर्यंत उडता येतं, प्रत्यक्षात किती उडवतात ते तिथल्या ज्युनियर एफओला (फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलटला) विचारा, एचआरला नको. वर्षाला ७०० तास उडणारा आणि ३०० उडणारा एकाच दिवशी लागले तरी ३ वर्षांनी दोघांत १२०० तासांचा फरक पडतो, आणि एटीपीएलला (कमांडर व्हायला लागणाऱ्या लायसन्सला) १५०० लागतात.

आता बाँड, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी सोडलं तर पैसे भरायचा करार, इथे डोळ्यांत तेल घालून वाचा. बाँड जॉइनिंगपासून मोजणार की लाइन रिलीज (ट्रेनिंग संपून नेहमीच्या फ्लाइटवर मोकळं सोडणं) झाल्यापासून? ऑफर लेटरमधल्या त्या एका ओळीवर सगळा खेळ आहे. छोट्या कंपनीत ट्रेनर मोजके, एक ट्रेनर दुसरीकडे गेला की तुमचं एसएलएफ (ट्रेनरच्या देखरेखीखाली नेहमीच्या फ्लाइटवर उडणं) लटकलं, सिम्युलेटरचा स्लॉट मिळाला नाही की आणखी लटकलं, तोपर्यंत स्टायपेंडवर घरी बसा. बाँड रिलीजपासून असेल तर हे बसलेले महिने धरलेच जात नाहीत. म्हणून मागच्या बॅचला जॉइनिंगपासून रिलीजपर्यंत किती महिने लागले हे विचाराच. आणि बाँड वेगळा, नोटीस पिरियड वेगळा. बाँडचे पैसे भरले म्हणजे लगेच सुटलो असं नाही, डीजीसीएच्या (विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या) नियमाप्रमाणे को-पायलटला ६ महिने आणि कमांडरला १ वर्ष नोटीस द्यावी लागते.

कंपनी टिकेल का, हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण रूट बघा. उडानमध्ये (छोटी शहरं विमानाने जोडायची सरकारी योजना) रूटला सबसिडी आणि मक्तेदारी साधारण ३ वर्षं मिळते, त्यानंतर तिकिटावरच भागवायचं. सगळे रूट उडानचेच असतील तर सबसिडी संपल्यावर काय करणार हे इंटरव्ह्यूत सरळ विचारा, त्यात उद्धटपणा काही नाही. नांदेडला येणारी ट्रूजेट २०२२ मध्ये बंद पडली, त्याआधी २०१७ मध्ये एअर कोस्टा. पगार लांबतोय का हे कळायला केबिन क्रूच्या ओळखीपाळखी बऱ्या पडतात.

आधीच लागलात आणि रोस्टर रिकामं आहे? मग घाईत राजीनामा टाकू नका, हातात दुसरी ऑफर नसेल तर मुळीच नाही. बेस बदलून मिळतो का ते लेखी विचारा (दुसऱ्या बेसला एफओ कमी असले तर पटकन होतं), रिकाम्या महिन्यांत एटीपीएलचे पेपर काढून टाका, मेडिकल आणि आयआरच्या तारखांवर लक्ष ठेवा. ईजीसीएवरचं (डीजीसीएच्या ऑनलाइन पोर्टलवरचं) लॉगबुक दर महिन्याला भरून कंपनीकडून मंजूर करून घेत जा, कारण शटर पडल्यावर तुमचे तास तपासून मंजूर करायला ऑफिसात माणूसच उरत नाही.