माहिती आहे, पण लोकांना सापडत नाही? मग हे करा

आमच्या संस्थेच्या वेबसाइटवर नव्या आईवडिलांसाठी बरीच माहितीपत्रकं आहेत आणि सोशल मीडिया मी सांभाळते. सुरुवातीला मी 'आमच्या वेबसाइटला भेट द्या' असं लिहून मुख्य पानाची लिंक टाकायचे. लोक यायचे, शोधून कंटाळायचे, निघून जायचे. म्हणून सगळ्यात आधी हे: पोस्ट ज्या माहितीबद्दल आहे, लिंक थेट त्या माहितीच्या पानाचीच द्या.

पोस्टची सुरुवात लोकांच्या प्रश्नाने करा. 'बालआरोग्य मार्गदर्शिका प्रकाशित' यावर कुणी थांबत नाही. 'बाळाला रात्री ताप आला तर आधी काय बघायचं?' यावर बोट थांबतं. असे प्रश्न मी मनाने रचत नाही. मेसेजमध्ये लोक विचारतात, तेच त्यांच्याच शब्दांत उचलते.

इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंक दाबून उघडत नाही, हे पुष्कळजण विसरतात. ती बायोमध्ये, म्हणजे प्रोफाइलवरच्या ओळखीच्या मजकुरात ठेवा. २०२३ पासून तिथे ५ लिंक देता येतात. फेसबुकवर सर्वात जास्त विचारल्या जाणाऱ्या विषयाची पोस्ट पिन करा, म्हणजे ती कायम सगळ्यात वर दिसेल. यूट्यूबवर लिंक वर्णनाच्या पहिल्या ओळीतच हवी, खालचा मजकूर दुमडलेला असतो.

फोटोला पर्यायी मजकूर (फोटोत काय आहे ते शब्दांत सांगणारं वर्णन, alt text) जोडाच. स्क्रीन रीडर (दृष्टिहीनांना स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्याला त्याशिवाय तुमच्या पोस्टरवरचं काहीच नीट कळत नाही.

आणि प्रत्येक लिंक स्वतःच्या मोबाइलवर, लॉगिन न करता उघडून बघा. माझी एक लिंक दोन दिवस पासवर्ड मागत होती. एका आईने कळवलं, तेव्हा समजलं. आता पिन केलेल्या जुन्या लिंकही मी दर महिन्याला तपासते.