कोल्हापुरात नगरसेवकपदाच्या उमेदवाराची भूमिका कशी पारखावी

उमेदवार दारात येण्यापूर्वीच आपल्या प्रभागाचे दोन-तीन प्रश्न कागदावर लिहून काढावेत आणि सर्व उमेदवारांना तेच प्रश्न त्याच शब्दांत विचारावेत. तरच उत्तरांची तुलना करता येते.

पुराचा प्रश्न सर्वांत आधी घ्यावा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, आणि २०१९ व २०२१ मध्ये नदीने ती दोन्ही ओलांडल्याचे शहराने पाहिले आहे. त्यामुळे ‘पूरग्रस्तांना मदत करू’ या उत्तरावर थांबू नये. पूररेषेतील बांधकाम परवान्यांबाबत सभागृहात कोणती भूमिका घेणार, नाल्यांची सफाई पावसाळ्यापूर्वी पूर्ण झाली की नाही हे स्वतः पाहणार का, असे नेमके विचारावे. मदत पूर ओसरल्यावर पोहोचते, परवाना मात्र त्याच्या कितीतरी आधी दिला जातो, म्हणून मला हा प्रश्न अधिक मोलाचा वाटतो.

शहराच्या हद्दवाढीबाबत केवळ होकार पुरेसा मानू नये. नव्याने येणाऱ्या गावांना पाणी, ड्रेनेज आणि कचरा उठाव कोणत्या निधीतून देणार, हे उमेदवाराला सांगता आले पाहिजे. काळम्मावाडी धरणातून शहरात येणाऱ्या थेट पाइपलाइनचे पाणी आपल्या गल्लीत किती दाबाने येते, हेही त्याला ठाऊक असावे.

उत्तरे तारखेसह नोंदवावीत. उमेदवाराचे शपथपत्रही वाचावे. त्यात मालमत्ता आणि फौजदारी प्रकरणांची माहिती असते.