ये-जा करणारी मुलं कॉलेज सोडतायत? हा विषय सीडीसीत (महाविद्यालय विकास समितीत) कसा न्यायचा

एफवायला (पहिल्या वर्षाला) बसायला जागा नसते आणि एसवायला (दुसऱ्या वर्षाला) तोच वर्ग मोकळा मोकळा दिसतो, कोकणातल्या कॉलेजात शिकवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. स्टाफरूममध्ये कारण ठरलेलं, "मुलांना शिकायचंच नाही." मला हे वाक्य आता ऐकवत नाही. कारण आपल्याकडे बहुतेक मुलं होस्टेलची नाहीत, रोज एसटीने येणारी आहेत, आणि गळतीचं निम्मं उत्तर त्या एसटीच्या वेळेत असतं असं माझं अनुभवाने झालेलं मत आहे.

सुरुवात यादीपासून करा. सेमिस्टर एकची यादी आणि सेमिस्टर तीनची यादी शेजारी ठेवा, जी नावं गायब आहेत त्यांच्यापुढे फक्त चार गोष्टी लिहा, गाव, कुठली गाडी, घरातून कितीला निघायचा आणि हजेरी नेमकी कुठल्या महिन्यापासून तुटली. एसटी पासच्या अर्जावर कॉलेजचा सही-शिक्का लागतो, म्हणजे कोण कुठून येतं हे ऑफिसमधल्या क्लार्कला आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं, त्यांच्यासोबत तासभर बसा.

मग फोन. संध्याकाळी करा, बहुतेक आईच उचलते. "येत का नाही" असं विचारलंत की समोरचा घाबरतो आणि "बरं नव्हतं" म्हणून मोकळा होतो, त्यापेक्षा "गाडी कितीला मिळते हो तुमच्याकडे?" असं विचारा, मग सगळं बाहेर येतं. वस्तीची (रात्री गावात मुक्काम करून सकाळी निघणारी) गाडी बंद झाली, पावसात साकवावरून (ओढ्यावरच्या छोट्या पुलावरून) पाणी गेलं की दोन दिवस बाहेर पडता येत नाही, प्रॅक्टिकल संपेपर्यंत शेवटची गाडी जाते आणि मुलगी अंधारात फाट्यापासून चालत येते म्हणून वडिलांनीच बंद केलं. काही मुलगे गोव्याला कंपनीत किंवा मुंबईला नातेवाइकांकडे गेलेले असतात, काही मुलींची लग्नं ठरलेली असतात, तेही प्रामाणिकपणे लिहा, सगळ्याचं खापर एसटीवर फोडू नका.

आता सीडीसी. 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याच्या कलम 97 प्रमाणे प्रत्येक संलग्न कॉलेजात महाविद्यालय विकास समिती असते, तिच्यात शिक्षकांनी निवडून दिलेले तीन शिक्षक असतात (त्यात किमान एक महिला), विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष-सचिव असतात, प्राचार्य सदस्य-सचिव असतात आणि वर्षातून किमान चार सभा घ्याव्याच लागतात. हे आपल्यातल्या कितीतरी जणांना माहीत नसतं, आपले तीन प्रतिनिधी कोण हेही आठवत नाही. त्यांना गाठा आणि विषय सभेच्या आधी लेखी द्या. ऐनवेळच्या विषयात अजिबात टाकू नका, तोपर्यंत चहा आलेला असतो आणि सगळ्यांना घरी जायची घाई असते. मी एकदा तोंडी मांडला होता, सगळ्यांनी माना डोलावल्या, पुढच्या सभेत इतिवृत्त वाचलं तर त्यात एक ओळ नव्हती. तेव्हापासून मी एक पान टाइप करून देते, वर तक्ता आणि खाली मागण्या, आणि इतिवृत्त कायम करायच्या वेळी ती ओळ आहे का ते बघते.

मागण्या कॉलेजच्या हातातल्या असू देत. पहिलं लेक्चर वीस मिनिटं पुढे ढकलणं. प्रॅक्टिकलच्या बॅच रोल नंबरने न करता रूटने करणं, म्हणजे लांबच्या गाडीची मुलं दुपारच्या आधीच्या बॅचला. यावर "टाइमटेबल बसत नाही" हे ऐकावं लागतं, पण एका शनिवारी तीन-चार शिक्षक एकत्र बसले की बसतं, आम्ही बसवलंय. 75 टक्के हजेरीवरून डिफॉल्टर लिस्ट लावायच्या आधी त्यातली मुलं कुठल्या रूटची आहेत ते बघणं, एकाच गाडीची पाच मुलं लिस्टमध्ये असतील तर दोष मुलांचा नाही.

गाडीची वेळ बदलायची असेल तर आगार व्यवस्थापकांना प्राचार्यांच्या सहीचं पत्र, सोबत मुलांची गाववार संख्या आणि जमल्यास त्या गावांच्या ग्रामपंचायतींचा ठराव, प्रत विभाग नियंत्रकांना. विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्षाला घेऊन स्वतः जा, पोस्टाने पाठवलेलं पत्र पडून राहतं.

आणि जो सोडतोच आहे त्याला गप्प जाऊ देऊ नका. नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर ठरलेले क्रेडिट आणि चार क्रेडिटचा व्यवसाय कोर्स पूर्ण केला तर सर्टिफिकेट मिळतं, आणि तीन वर्षांच्या आत परत येता येतं, हे त्याला आणि घरच्यांना समोर बसवून सांगा, एबीसी आयडी (मिळवलेले क्रेडिट जमा राहतात त्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समधल्या खात्याचा नंबर) लिहून द्या.

हे सगळं जूनच्या आत व्हायला हवं. एकदा टाइमटेबल नोटीस बोर्डवर लागलं की वर्षभर कोणी हात लावत नाही, म्हणून यादी आणि फोन मार्च-एप्रिलमध्येच उरका, आंब्याच्या दिवसांत मुलं बागेत असतात, पण घरी फोन लागतो.